चाळीस उपरणी आणि ऐनाची साल

१ मे २०२४ रोजी आमच्या गावच्या वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवात चाळीस जणांच्या खांद्यावर उपरणी घातली गेली. ती आमच्या बचत गटाने रंगवलेली होती. फणसाच्या लाकडाचा भुसा, कात, मंजिष्ठाची मुळं, गळून पडलेली सुपारी आणि ऐन नावाच्या झाडाची साल एवढ्यातूनच सगळे रंग काढले. काम अंगावर घेतलं तेव्हा आमच्यातल्या एकीलाही कापड रंगवणं ठाऊक नव्हतं. सहा महिने गेले, त्यातले पहिले दोन नुसते चुकण्यात. आता पाऊस लागलाय, वाळवणाचे बांबू काढून माळ्यावर टाकलेत. कुणाला असंच काही करायचं असेल तर आमच्याइतकं चाचपडावं लागू नये, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. नारळ-सुपारीची वाडी, वर डोंगरात थोडी वरकस जमीन. गटात दहा जणी. आजवर आम्ही कोकमाचं आगळ, आंबोशी, फणसपोळी, कुळथाचं पीठ हेच विकत आलो. २०२३च्या नवरात्रात वाचनालयाचे चिटणीस घरी आले. म्हणाले, "सत्काराला शाल-श्रीफळ देतो, पण ती शाल कोणी पांघरत नाही, तशीच दुसऱ्याच्या सत्काराला फिरते. या वेळी सुती उपरणं द्यायचंय, इथल्याच झाडांच्या रंगात. वहिनी, जमेल तुम्हाला?" मी विचारून सांगते म्हटलं. रात्री गटाच्या बैठकीत पाच जणी तयार झाल्या आणि आम्ही हो कळवलं.

पहिला प्रयत्न दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला. तोरणांतले, गाड्यांवरचे झेंडू गोळा केले, पाकळ्या सोडवल्या. घरात आंघोळीच्या पाण्याचा जुना तांब्याचा हंडा होता, त्यात उकळल्या. पाणी असं पिवळंधमक झालं की आम्ही सगळ्या बघतच राहिलो. तालुक्याच्या दुकानातून आणलेली तीन मीटर मलमल त्यात तासभर ठेवली. वाळल्यावर कापड कुठे पिवळं, कुठे शेवाळी, मध्येच पांढरे डाग. एका धुण्यात अर्ध्याहून जास्त रंग मोरीत गेला.

त्यात तीन चुका एकत्र झाल्या होत्या, पण हे कळायला महिना गेला. दुकानातल्या कापडाला खळ असते, ती काढली नव्हती. रंग धरून ठेवायला कापडावर काहीच दिलं नव्हतं. आणि तांबं पिवळ्या रंगाला हिरवट करतं, कल्हई उडालेल्या हंड्यात तर हमखास. लोखंडाची कढई त्याहून वाईट, ती प्रत्येक रंग काळवंडते. स्टीलचा टोप घ्या, आणि तो रंगासाठीच ठेवा, पुन्हा स्वयंपाकात नको.

मग कोकम. आपल्याकडे साडीच्या रंगाला अमसुली म्हणतात, तेव्हा अमसुलातून तो रंग यायलाच हवा असं मला मनापासून वाटत होतं. घरचं आगळ घेतलं, कापड बुडवलं, सुंदर गुलाबी आलं. साबणाचं पाणी लागताच ते निळसर राखाडी झालं आणि चार दिवसांच्या उन्हात काहीच उरलं नाही. कोकमातला रंग ॲन्थोसायनिन नावाच्या द्रव्याचा. आंबटात लाल, सोड्यात निळा-हिरवा, आणि उन्हात मुळीच न टिकणारा. जांभूळ, जास्वंद, बीट यांचंही उन्हात तेच होतं. हळदीचं दुःख वेगळं. हळद सुताला लगेच धरते, काही द्यावं लागत नाही, पण साबण लागला की तांबडी पडते आणि ऊन तिला आठवडाभरात खाऊन टाकतं. दिवाळी आली तोपर्यंत घरचे १४०० रुपये अशा तुकड्यांवर गेले होते आणि दाखवण्यासारखा एक रुमालही नव्हता. त्या दिवसांत मी चिटणीसांना टाळत होते. समोरून येताना दिसले की रस्ता बदलायचे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दापोलीला कामासाठी निघाले होते. धोपावे जेटीवर दाभोळची फेरीबोट यायला अवकाश होता. तिथे खारवी समाजातले एक आजोबा जाळं विणत बसले होते, वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पावसाळ्यात कोळेरोगाने पडलेली कच्ची सुपारी मी आदल्या दिवशी कोयत्याने फोडली होती, त्याने माझे हात काळे झाले होते. त्यांची नजर हातांवर गेली.

"काय गो बाय, साल काढलीस कसली?"

मी म्हटलं, सुपारी फोडली, कापड रंगवायला.

"आमचे हात वर्षभर असेच. नायलॉन आलं नव्हतं तेव्हा. सुताचं जाळं तसंच दर्यात घातलं तर पंधरा दिवसांत कुजायचं. ऐनाची साल काहिलीत उकळायची आणि जाळं पाजायचं. वाळवायचं, परत पाजायचं. तीन वेळा."

मी माझी रड सांगितली. ते ऐकत होते, हातातली सुई थांबली नव्हती. मग म्हणाले, "नव्या सुताला अंगचं तेल असतं. नवं जाळं आम्ही आधी भिजवून, बडवून, वाळवून घ्यायचो. तेल असेल तर साल आत जाणार कशी? तू नव्या कापडाला थेट रंग दाखवलास."

फेरीबोट लागली, मी चढले, पण दापोलीचं काम त्या दिवशी कसं झालं ते आठवत नाही. घरी येऊन वाचत गेले तसं त्यांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. कापसाच्या धाग्यावर निसर्गतः मेण आणि पेक्टिन असतं. ते काढल्याशिवाय पाणी आत मुरत नाही. लोकर आणि रेशीम ही प्राण्यांची सुतं, ती तुरटी चटकन धरतात. कापूस धरत नाही. म्हणून कापसाला आधी तुरट द्रव्य द्यायचं, ज्याला टॅनिन म्हणतात. ते धाग्याला चिकटतं, त्याला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. हिरडा, ऐनाची साल, डाळिंबाची साल, कात, सुपारी या सगळ्यांत टॅनिन आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांनी रंगासाठी म्हणून ते वापरलं नसेल, जाळं टिकावं म्हणून वापरलं, पण कापसाला साल पाजायची ही पायरी इथे पिढ्यान्‌पिढ्या होती आणि नायलॉनबरोबर एका पिढीत विसरली गेली. रंगाऱ्यांचंही तसंच झालं. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम रंग काढला, १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली, आणि ज्यांच्या घराण्यात हे होतं त्यांच्याकडे आता नुसती रंगारी, निळारी ही आडनावं राहिली. मला याचं फार वाईट वाटतं. तात्यांना विचारणारं कोणी आलं नसतं तर तेही त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

डिसेंबर कागदपत्रांत गेला. हा भाग कंटाळवाणा आहे, पण बहुतेक गट इथेच अडकतात म्हणून लिहिते.

वाचनालय नोंदणीकृत संस्था, त्यांना रीतसर बिल हवं होतं. आमच्या गटाचं बँक खातं होतं, पॅन नव्हतं. गटाच्या नावाने पॅनचा अर्ज ५ डिसेंबरला केला, फी १०७ रुपये, कार्ड २७ डिसेंबरला पोस्टाने आलं. त्यानंतर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ती सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येते आणि पूर्ण मोफत आहे. आम्हाला एका ठिकाणी त्यासाठी ८०० रुपये सांगितले होते, ते देऊ नका. अडचण आली ती वेगळीच. आधारवर ओटीपी येतो, आणि आमच्या अध्यक्ष काकूंच्या आधारला त्यांच्या मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला. आधार केंद्रात जाऊन ५० रुपये भरून नंबर बदलला, तो लागू व्हायला आठ दिवस. तुम्ही सुरुवातच या तपासणीने करा. अर्जात उद्योगाचा संकेतांक विचारतात. कापडावर प्रक्रिया हा १३१३ गट, त्यात सुती कापडाला १३१३१. संस्थेच्या प्रकारात बचत गटाचा पर्याय आहे, तोच निवडायचा. १२ जानेवारीला प्रमाणपत्र हातात आलं.

ग्रामपंचायतीकडे ना हरकत दाखला मागितला, कारण अंगणात भट्टी पेटणार आणि रंगाचं पाणी जाणार. ग्रामसेवक भाऊंनी एकच प्रश्न विचारला, पाणी कुठे सोडणार? आणि तो अगदी योग्य प्रश्न होता. आमच्याकडे सगळा जांभा. जांभा पाणी धरत नाही, वर ओतलेलं झिरपून शेजारच्या विहिरीत उतरतं. वाडीच्या खालच्या टोकाला, विहिरीपासून सर्वांत लांब, शोषखड्डा काढला, तळाला दगड, मग वाळू, वर कोळसा. त्याचा कच्चा नकाशा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या जोडल्या. जानेवारीच्या मासिक सभेत विषय आला, दाखला २३ जानेवारीला मिळाला. रंग धरायला क्रोम, मोरचूद असलं काही वापरणार नाही असंही लिहून दिलं होतं आणि ते पाळलं.

तिसरा कागद वनखात्याचा. आमच्या वरकस जमिनीत एक ऐन पावसाळ्यात उन्मळून पडला होता. साल काढू, लाकूड जळणाला आणू, असं सोपं वाटलं होतं. पण ऐन, फणस, आंबा, हिरडा, खैर ही झाडं १९६४च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या मालकीची असली तरी तोडायला आणि वाहून न्यायला परवानगी लागते. सातबारा, अर्ज, पडलेल्या झाडाचे फोटो. वनपाल येऊन बघून गेले, पंचनामा झाला, परवाना मिळेपर्यंत ३४ दिवस. तेवढ्यात तीन फेऱ्या झाल्या, त्यातल्या एका फेरीत साहेब जागेवर नव्हते. फोन करून जायला हवं होतं. एक हात जोडून सांगणं, उभ्या झाडाची साल काढू नका. खोडाभोवती पट्टा सोलला गेला तर झाड मरतं. पडलेलं झाड, छाटणीच्या फांद्या, वखारीतला भुसा एवढ्यात भरपूर रंग मिळतो.

आता कापड. इचलकरंजीहून पातळ मांजरपाट मागवला, ८५ मीटर, ५८ रुपये दराने. वाळवून वजन केलं तर आठ किलोला थोडं कमी. हे वजन लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. नैसर्गिक रंगात मूठ, चमचा चालत नाही. कोरड्या कापडाच्या वजनाच्या इतके टक्के, असाच हिशेब करायचा. ६५० रुपयांचा काटा घेतला तेव्हापासून आमच्या दोन टोपांचे रंग एकमेकांशी जुळायला लागले.

कापड कापण्याआधी उकळा. आम्ही दहा दहा मीटरचे तागे करून, किलोला ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून दीड तास रटरटवले. पांढऱ्या कापडातून चहासारखं पाणी निघालं, सगळ्या जणी चकित झाल्या. तेच ते तात्यांचं अंगचं तेल. कापड आटलंही, ८५चे ८१ मीटर झाले. आधी कापलं असतं तर उपरणी आखूड पडली असती. झालं की नाही हे बघायला कोरड्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाकायचा. तो क्षणात मुरला तर झालं, मोत्यासारखा थांबला तर परत उकळायचं. आमचे दोन तागे परत उकळावे लागले.

पाण्याकडे आमचं लक्षच नव्हतं. आमच्या विहिरीच्या पाण्याने बादल्यांना तांबूस थर बसतो, म्हणजे पाण्यात लोह आहे. त्या पाण्यात काढलेला पिवळा मळकट येत होता आणि आम्ही फणसाला दोष देत होतो. शेजारच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी आणून तोच भुसा उकळला आणि सोन्यासारखा रंग आला. मग पिवळ्या आणि तांबड्यासाठी बैलगाडीवर पिंप ठेवून पाणी आणलं, तपकिरीला आणि करड्याला घरचंच वापरलं.

हिरडा काष्ठौषधीच्या दुकानातून, दोन किलो २४० रुपये. कापडाच्या वजनाच्या वीस टक्के पूड रात्री भिजवायची, सकाळी जुन्या पंच्यातून गाळायची, कापड त्यात रात्रभर. पिळायचं, धुवायचं नाही, सावलीत वाळवायचं. कापड फिकं लिंबासारखं होतं. या वेळी लोखंडाला लावू नका. आमच्या एका ताग्याला गंजक्या खिळ्यावर अडकवल्याने शाईसारखा काळा ठिपका पडला, तो आजही आहे. हिरडा आणि लोह एकत्र आले की जुनी शाईच होते.

मग तुरटी, पंधरा टक्के, गरम पाण्यात विरघळवून. त्यात किलोला २० ग्रॅम धुण्याचा सोडा थोडा थोडा सोडायचा. फसफसून वर येतं, म्हणून टोप अर्धा रिकामा ठेवा आणि तोंड लांब. सोड्याने तुरटीचा आंबटपणा कमी होतो आणि कापूस ती चांगली धरतो. रात्रभर बुडवून, पिळून, वाळवून आम्ही पाच दिवस तसंच ठेवलं. घाई झाली म्हणून एक तागा दुसऱ्याच दिवशी घेतला होता, त्याचा रंग फिका आला.

एवढं सगळं होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता आणि एकही रंग चढला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "भाताला जसं आधी नांगरणी, चिखलणी, तसंच दिसतंय हे." त्या दिवशी मला पहिल्यांदा धीर आला.

फणसाने आम्हाला सर्वांत जास्त आनंद दिला. जुन्या फणसाच्या गाभ्याचं लाकूड पिवळं असतं, आग्नेय आशियात बौद्ध भिक्खूंची वस्त्रं त्यात रंगवत आलेत. वखारवाल्या काकांनी दोन पोती भुसा नुसता दिला. कापडाइतक्याच वजनाचा भुसा पुरचुंडीत बांधून रात्रभर भिजवला, नाहीतर तो कापडाला चिकटून ठिपके पडतात. तासभर उकळून गाळलं, कापड घालून आणखी तास, सतत हलवत. दहा उपरणी, एकसारखी हळदुवी. बाहेर काढताना कुणी बोलत नव्हतं.

कात सावर्ड्याकडचा. चिपळूणजवळच्या त्या भागात काताचा धंदा जुना आहे, आणि कातकरी समाजाचं नावच कात काढण्यावरून पडलं. एक किलोला ७०० रुपये. तीस टक्के घेतला. शिजवल्यावर कापड बदामी दिसतं, पण चुन्याच्या निवळीत पाच मिनिटं बुडवलं की डोळ्यांदेखत विटकरी होतं. विड्यात कात आणि चुना भेटल्यावर तोंड रंगतं, तेच इथे. निवळी वरची स्वच्छच घ्या, खालचा साका कापडावर पांढरे पट्टे ठेवतो.

मंजिष्ठा एक किलो, ५२० रुपये, ती पाच उपरण्यांतच संपली. मुळं कुटून दोन दिवस भिजवली, मंद आचेवर दोन तास. तांबडा आला, पण गर्द नाही, चिकण्या सुपारीसारखा. सुपारीचा स्वतःचा रंग मात्र अबोलीकडे झुकणारा तपकिरी, फार सौम्य. काजूगरावरच्या पातळ तांबूस सालीतूनही तपकिरी निघतो, त्याचे तुकडे आम्ही करून बघितले. पण काजूच्या बाहेरच्या टरफलाला हात लावू नका, त्याच्या तेलाने कातडी भाजते.

ऐनाची साल मी तात्यांना विचारल्याशिवाय उकळली नाही. ते नातवाच्या मोटरसायकलवर बसून आले. साल दोन दिवस भिजवून दोन तास उकळली, कापड घातलं, काढलं. त्यांनी टोकाला धरून उन्हात बघितलं आणि म्हणाले, "ही एक पाजणी झाली. वाळव." दुसऱ्यानंतरही तेच. तिसऱ्यांदा वाळल्यावर रंग खोल, मातकट तांबूस झाला आणि कापडाला अंग आलं.

आणि मग माझी सर्वांत मोठी चूक. पाच उपरणी काळी-करडी करायची होती. होडीच्या दुरुस्तीत निघालेले गंजके खिळे गूळपाण्यात एकवीस दिवस ठेवून लोखंडाचं पाणी तयार केलं होतं. कलमकारीवाले काळ्यासाठी असंच करतात. ऐन पाजलेलं कापड त्यात बुडताच दोन मिनिटांत करडं झालं. मला आणखी गडद हवं होतं. रात्रभर ठेवलं. सकाळी काळंभोर दिसलं, धुतलं, वाळवलं, घडी केली. आठवड्याने घडी उघडली तर चार उपरणी घडीवर चिरत गेली. जास्त लोह धागा कुजवतं. हे मी वाचलं होतं, तरी हात आवरला नाही. पाचवं टिकलं, पण देण्यासारखं नव्हतं. शिमग्याला आठ दिवस होते. मी त्या रात्री कुणाशी बोलले नाही. सकाळी गटातल्या एका वहिनींनी परस्पर इचलकरंजीला फोन लावून दहा मीटर मागवले. त्यांनी विषय पुन्हा काढला नाही, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. दुसऱ्या खेपेला सौम्य पाण्यात तीन मिनिटं, लगेच भरपूर पाण्यात खळबळणं, बस. रंग पारव्यासारखा आला, आणि तोच सर्वांना जास्त आवडला.

वाळवण्याबद्दल दोन गोष्टी. समुद्राकडून वारा असेल तर कापड सर्द राहतं आणि दुमडीवर रंग गोळा होतो, म्हणून आम्ही खळ्यातल्या मांडवाखाली सकाळी नऊ ते बारा एवढ्याच वेळात वाळवलं, दर दहा मिनिटांनी बाजू बदलत. आणि जाड बांबू वापरा, दोरी नको. दोरीची रेघ उमटते.

फेब्रुवारीत प्रत्येक रंगाची एक पट्टी पुठ्ठ्याखाली अर्धी झाकून कौलांवर ठेवली होती. १५ मार्चला उघडली. हळदीची उघडी बाजू कोरी. झेंडू निम्मा. फणस जरासा तपकिरीकडे गेलेला. काताच्या पट्टीत झाकलेलं आणि उघडं ओळखता येईना. ऐन तर उन्हाने गडद झाला. वाचनालयाला उपरण्यांबरोबर एक चिठ्ठी दिली, त्यात हे सगळं जसंच्या तसं लिहिलं: फणसाचं उपरणं उन्हात वाळवू नका, कुठलंही उपरणं सोड्याच्या साबणाने धुऊ नका, रिठा उत्तम.

हिशेब. कापड दोन्ही खेपांचं वाहतुकीसह ५९५०, हिरडा २४०, तुरटी १४०, कात ७००, मंजिष्ठा ५२०, जळण ६००, काठ शिवायला ६००. एकूण ८७५०. टोप ३२०० आणि काटा ६५० हे गटाच्या बचतीतून. वाचनालयाने ठरल्याप्रमाणे ३५० दराने १४००० रुपये १४ मे रोजी खात्यात जमा केले. मजुरीला ५२५० उरले. पाच जणींच्या हजेऱ्या ५६, म्हणजे दिवसाला चौऱ्याण्णव रुपये. दर आम्ही ऑक्टोबरात सांगितला, तेव्हा एका कापडामागे किती दिवस जातात याची कल्पना नव्हती. आधी एक तागा पुरा करून, हजेऱ्या मोजून मगच दर सांगा. पुढच्या वेळी आम्ही ५५० खाली करणार नाही, आणि तसं चिटणीसांनाही सांगितलंय. त्यांनी मान्य केलं.

उकळलेली साल आणि भुसा माडांच्या आळ्यात गेला. हिरडा दिलेलं चार मीटर कापड ट्रंकेत आहे. निळा रंग अजून आमच्याकडे नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही, चुना आणि गूळ घालून ती आधी पाण्यात उतरवावी लागते, आणि निळीच्या पिंपाला रोज लक्ष लागतं; ते पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. तोवर श्रावणात कोळेरोगाची सुपारी पडायला लागेल, ती या वर्षी कुणी फेकायची नाही असं सगळ्या वाड्यांत सांगून ठेवलंय.